नवे पॅड टाकले तरी ब्रेक पुन्हा किंचाळतो, स्टीअरिंग पुन्हा थरथरतं: पार्ट निवडताना आणि बसवताना काय चुकतं

तक्रार साधारण अशी असते. पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. दोन-तीन महिने गाडी गप्प होती. मग एके दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात हलका ब्रेक लावला आणि चिर्र आवाज आला. समृद्धीवर शंभरच्या आसपास असताना ब्रेक दाबला तर स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. पॅड खराब निघाले म्हणून दुसऱ्या कंपनीचे आणले, पुन्हा तेच. डिस्क लेथवर घासून आणली, काही महिने बरं वाटलं, पुन्हा तेच.

अशा गाड्यांमध्ये पॅडच्या डब्यावरचं नाव दोनदा-तीनदा बदललेलं असतं. पॅड ज्यात बसतो आणि सरकतो त्या क्लिपा, पिना, पिनांचे रबर बूट आणि डिस्क ज्यावर टेकते तो हब मात्र गाडी शोरूममधून आली तेव्हापासून तसेच असतात. हे भाग पॅडपेक्षा स्वस्त आहेत आणि त्रास परत येण्याचं मूळ बहुतेक वेळा त्यांच्यातच असतं. तरीही आधी आवाज कुठला आहे ते ओळखायचं, मगच खरेदीला जायचं.

आधी आवाज ओळखा

पावसाळ्यात रात्रभर गाडी बाहेर राहिली आणि सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खरखर आली, मग थांबली, तर काही करू नका. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तिच्यावर गंजाची पातळ साय धरते आणि पॅड ती पुसून काढतो.

ब्रेक न लावता बारीक किणकिण येते आणि पेडलला पाय लावताच थांबते किंवा बदलते, असं असेल तर पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला चाटते आहे. पॅड संपत आल्याची ती सूचना आहे. नव्या पॅडवर असं होत असेल तर आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत गेला आहे, किंवा जीभ वाकलेली आहे.

मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश घासण्याचा आवाज सुरू झाला तर डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. चाक काढा, पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच मागे ओढा, खडा पडतो. या एका खड्यापायी पॅडचा नवा सेट घेतला जातो.

हलक्या ब्रेकला उंच पट्टीची चिर्र, जोरात दाबला की गप्प, हा खरा पॅडचा आवाज. पॅड आपल्या जागी सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि डिस्क घंटेसारखी वाजते. क्लिप सैल असणं, शिम (पॅडच्या पाठीवरचा, थरथर गिळणारा पत्रा) नसणं, पॅडच्या कडा न तासलेल्या असणं ही त्याची नेहमीची कारणं.

आणि थरथर. स्टीअरिंग हलत असेल तर पुढची चाकं पाहा. सीट हलत असेल तर मागचे ड्रम. खात्री करायची तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ३०-४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. सीटखाली धडधड जाणवली तर पुढच्या डिस्कवर पैसे घालू नका, ड्रम उघडून पाहा.

थरथर उशिरा का येते

डिस्क वाकली, असं सगळे म्हणतात. ती वाकलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी १५-२० मायक्रॉन, म्हणजे ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर एवढा फरक पडला तरी पेडल आणि स्टीअरिंगला कळतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे हे.

हा फरक कसा तयार होतो ते समजलं की बाकी सगळं उलगडतं. डिस्क ज्या हबवर टेकते त्यावर गंजाचा पापुद्रा आहे, समजा ०.०५ मिलिमीटरचा. हबच्या कडेवरचा हा कण डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाईतो जवळपास दुप्पट होतो, कारण डिस्कचा व्यास हबच्या जवळपास दुप्पट असतो. आता ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हाही दर फेऱ्याला डिस्कची तीच एक जागा पॅडला चाटून जाते. एक किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा बारीक झिजते किंवा तिच्यावर पॅडचा लेप चढतो, आणि थरथर सुरू होते. नवे पॅड टाकल्यावर लगेच त्रास होत नाही, काही महिन्यांनी होतो, त्याचं कारण हे. डिस्क लेथवर घासली की जाडी सारखी होते, पण ती पुन्हा त्याच गंजक्या हबवर बसते आणि चक्र नव्याने सुरू होतं.

दुसरं कारण पंक्चरच्या दुकानातली हवेची गन. चार नट चार वेगळ्या ताकदीने आवळले गेले की डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. चाक कुठेही काढलं असेल, घरी आल्यावर नट सैल करून टॉर्क पान्याने फुलीच्या क्रमाने पुन्हा आवळा. बहुतेक हॅचबॅक ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. नटाच्या आट्यांना ऑइल लावू नका, त्याने तोच आकडा दाखवून प्रत्यक्षात जास्त ताण बसतो.

तिसरं कारण घाटाचं. इगतपुरी जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, कसारा ३०० च्या आसपास. माणसांसह १,२०० किलोची गाडी जुन्या कसारा घाटातून ३०० मीटर खाली उतरवायची म्हणजे सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवायची. दहा लिटर गार पाणी उकळायला साधारण एवढीच लागते. काही हवा खाते. गिअर खाली असेल तर बरीच इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर उरलेली सगळी ब्रेकवर येते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात. खाली येऊन चहाला थांबताना पेडल दाबून धरलं तर त्या एका जागी तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. वणीच्या गडावरून नांदुरीला उतरतानाही हेच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा दाबून पूर्ण सोडा, पुन्हा दाबा. खाली आल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालू द्या, मग थांबा. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून पेडल सोडा.

जुना पॅड काय सांगतो

जुने पॅड काढल्यावर फेकू नका. चारही एका ओळीत मांडा, कुठला कुठे होता ते खडूने लिहा. नव्या हॅचबॅक पॅडवर साधारण १० मिलिमीटर मसाला (डिस्कला घासणारा थर) असतो, ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पॅडला ढकलणारा पिस्टन नीट मागे येत नाही किंवा कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिनांवर सरकत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर दाबल्यावर कॅलिपर आत सरकतो, पण सोडल्यावर परत येत नाही, म्हणजे पिना कोरड्या. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. डावी-उजवीकडे मोठा फरक असेल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगून बंद होतो आहे. मसाला चकचकीत काचेसारखा झाला असेल तर पॅड जास्त तापला किंवा नवा असताना हलके-मध्यम ब्रेक लावत डिस्कशी बसवून घेतला गेला नाही (ते कसं, ते शेवटी आहे).

यातलं काहीही दिसलं आणि तुम्ही फक्त पॅड बदलले, तर नवा पॅड त्याच रीतीने झिजणार. मग तो कितीही महाग असो.

पॅड विकत घेताना

गाडीच्या मॉडेलचं नाव सांगून पॅड मागू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार, कधी एकाच वर्षात दोन वेगळ्या पुरवठादारांचे कॅलिपर येतात आणि पॅडचे कान, म्हणजे पाठीची क्लिपेत बसणारी दोन टोकं, तीन-चार मिलिमीटरने वेगळे असतात. आरसीवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून पार्ट नंबर काढा. मग तो नंबर धरून कंपनीचा घ्या किंवा त्याच्याशी जुळणारा नावाजलेल्या ब्रेक उत्पादकाचा. सोबत जुना पॅड न्या आणि काउंटरवरच पाठीला पाठ लावून पाहा.

भारतात ब्रेंबो, बॉश, राणे, एएसके, अलाइड निप्पॉन, टीव्हीएस गर्लिंग ही नावं दुकानात सहज मिळतात. गाडी कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत, अशाच उत्पादकांकडून घेऊन आपल्या डब्यात घालतात. म्हणून चांगल्या ब्रेक उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यातला पॅड घेण्यात कमीपणा नाही. पण त्या नावांची नक्कलही होते, आणि नक्कल ओळखायला डब्यापेक्षा पॅडच जास्त उपयोगी पडतो.

डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, नग, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असलाच पाहिजे, कायद्याने ते बंधनकारक आहे. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. कोड उघडतो एवढ्यावर समाधान मानू नका. उघडलेल्या पानावरचा पार्ट नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. छापील किमतीच्या निम्म्याला चांगल्या कंपनीचा पॅड मिळत असेल तर तो घेऊ नका.

आता पॅड हातात घ्या. लोखंडी पाठीवर बॅच नंबर ठोकलेला किंवा छापलेला असतो आणि चारही पॅडवर एकच असतो. कडेवर इंग्रजी दोन अक्षरांचा घर्षणाचा कोड असतो. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. हॅचबॅकला सहसा एफएफ येतो. एफई लिहिलेला पॅड थंडीत ठीक पकडतो आणि तापला की सुटतो, घाटाने जाणाऱ्याने तो घेऊ नये. उलट उत्साहाच्या भरात पुढे जीजी आणि मागे मूळचेच, असंही करू नका. पुढचं-मागचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं, ते बिघडलं की ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक होतात. हा कोड आयुष्याबद्दल किंवा आवाजाबद्दल काहीच सांगत नाही, दुकानदार काहीही म्हणो. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या पॅडवर ९० आर असं मार्किंग असतं. मूळ पॅडच्या तुलनेत घर्षण १५ टक्क्यांच्या आत असावं ही त्या नियमाची अट आहे. ते असेल तर उत्तम.

मसाला आणि लोखंडी पाठ यांच्या जोडावर नख फिरवा. फट, केसासारखी चीर, सुटलेला तुकडा, काहीही लागलं तर परत द्या. रंगाखाली गंजाचे खड्डे दिसत असतील, शिमच्या जुन्या ठोक्यांच्या खुणा असतील, तर जुन्या पाठीवर नवा मसाला चिकटवून विकायला ठेवलेला पॅड आहे. घाटात तापल्यावर असा मसाला पाठीवरून सुटू शकतो. हा धोका स्वस्ताईच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही.

मसाल्याच्या दोन्ही टोकांना तिरका तास आणि मध्ये खाच असावी, पाठीला शिम असावी. शिम म्हणजे रबराचा थर असलेला पातळ पत्रा, तोच थरथर गिळतो. शिम नसलेला पॅड स्वस्त का आहे ते यावरून कळतं. मसाल्याच्या प्रकारात मूळ गाडीला जो होता तोच ठेवा. सेमी-मेटॅलिक जास्त तापाला टिकतो, पण आवाज करतो आणि डिस्क खातो. सिरॅमिक गप्प असतो, काळी धूळ कमी टाकतो. शहरात रोजच्या वापराच्या छोट्या गाडीला कंपनीने दिलेला ऑरगॅनिक पुरेसा असतो. डब्यावर ॲस्बेस्टॉसमुक्त लिहिलेलं असावं. तरीही ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने कधीच उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

डब्याबाहेरचे पार्ट

पॅडसोबत हे घेतलंच पाहिजे: स्टीलच्या पॅड क्लिपा, पिनांचे रबर बूट, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. दोन्ही चाकांचं मिळून, एका बाजूचं नको.

क्लिप म्हणजे कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बसणारा वाकवलेला पत्रा, त्यावर पॅडचे कान सरकतात. तिची स्प्रिंग मरते आणि तिच्याखाली ब्रॅकेटवर गंज फुगतो. फुगलेल्या गंजामुळे खाच अरुंद होते आणि पॅड अडकतो. नवी क्लिप गंजावरच दाबून बसवली तर काहीच बदलत नाही. खाच बारीक कानशीने आणि वायर ब्रशने चकचकीत धातूपर्यंत साफ करा, मग क्लिप बसवा.

ग्रीसबद्दल हट्ट धरा. बेअरिंगचं लाल किंवा हिरवं ग्रीस पेट्रोलियमचं असतं. त्याने पिनांचे बूट फुगतात, मऊ पडतात, निसटतात, आणि इगतपुरीच्या एका पावसाळ्यात पाणी आत जाऊन पिन जाम होते. घरी बदललेल्या ब्रेकमध्ये ही नेहमी आढळणारी चूक आहे. पाकिटावर ब्रेक कॅलिपरसाठी असं स्पष्ट लिहिलेलं सिलिकॉन ग्रीसच हवं. एका कामाला पाच-दहा ग्रॅमची पुडी पुरते.

दोन पिना बहुतेक वेळा सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, दुसरी साधी. काढण्याआधी फोटो घ्या. अदलाबदल झाली की कॅलिपर तिरका सरकतो.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं आणि पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतून पाणी ओढतं, म्हणून दुकानात फोडून ठेवलेल्या डब्यातलं सुटं ऑइल घेऊ नका, पाव किंवा अर्ध्या लिटरचा सीलबंद डबा घ्या. दोन वर्षांहून जुनं असेल तर घाटाच्या आधी बदला. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, तो यात मिसळायचा नाही.

डिस्क बदलायची की नाही हे मोजून ठरवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायची जबड्यांची पट्टी) लावताना सगळे एक चूक करतात: डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाचा उंच काठ राहिलेला असतो, व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकतात आणि माप जास्त येतं. दोन्ही बाजूंना जबड्याखाली एकेक जुनं नाणं धरा, माप घ्या, नाण्यांची जाडी वजा करा. मायक्रोमीटर असेल तर प्रश्नच नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कुणी ना कुणी नाशिकच्या प्रत्येक गल्लीत आहे, मायक्रोमीटर आणि चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारं काट्याचं माप) तासाभरासाठी मिळायला अडचण येऊ नये. बाहेरच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत, आठ जागी जाडी मोजा. कोरलेलं माप १५ आणि डिस्क १५.४ असेल तर ती लेथवर पाठवू नका, घासल्यावर मर्यादेखाली जाईल. नवी जोडी घ्या.

नवी डिस्क घेताना दुकानातल्या काट्यावर वजन करा. त्याच पार्ट नंबरच्या कंपनीच्या डिस्कपेक्षा ठळक हलकी असेल तर तिच्या दोन्ही चकत्या पातळ ओतलेल्या आहेत, ती लवकर तापते. मधल्या भोकाची कड स्वच्छ तासलेली हवी, हबवर खुळखुळता कामा नये. बिलावर जीएसटी आणि पार्ट नंबर लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या गाडी पार्टांवर १८ टक्के दर आहे. बिल नसलेल्या पार्टाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, करता येते पण टिकत नाही.

बसवताना

सपाट जागा, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक. गाडी जॅकवर ठेवून काम करू नका, खाली घोडी (जॅक स्टँड) लावा. विटा चालत नाहीत, त्या भाराने फुटतात. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्यासाठी तशीच राहू द्या.

खालची पिन काढून कॅलिपर वर उचला आणि तारेने स्प्रिंगला बांधा. होजवर लटकू देऊ नका. पिस्टन मागे दाबण्याआधी ऑइलच्या टाकीत पाहा. पॅड झिजतात तशी पातळी उतरते, आणि मधल्या काळात कुणी वरून भरलं असेल तर पिस्टन मागे जाताना ते बाहेर येऊन रंग खातं. थोडं सिरिंजने काढून घ्या. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबा. पिस्टन अर्ध्यात अडला, किंवा त्याच्या बुटाखाली ओल दिसली, तर कॅलिपर किट घालायची वेळ आली आहे. मागेही डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. तिथे क्लॅम्पने जोर लावलात तर यंत्रणा तुटते.

डिस्क काढलीच असेल तर हबचा टेकणारा भाग आणि प्रत्येक बोल्टच्या बुडाशी असलेली कड वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने साफ करा. बोटाने चाचपून एकही उंचवटा लागता कामा नये. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा, दोनदा. मग वॉशर लावून सगळे नट आवळा, डायल गेजची टोकणी कडेपासून दहा मिलिमीटर आत ठेवा आणि डिस्क हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. ०.१ च्या जवळ गेला तर नट काढून डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. हब आणि डिस्क दोघांच्या चुका कधी एकमेकींना खातात आणि आकडा निम्म्यावर येतो. या दहा मिनिटांच्या कामाने पुढचे तीस-चाळीस हजार किलोमीटर शांत जातात.

नवा पॅड क्लिपेत ठेवून बोटाने ढकला. बोटाच्या जोराने सरकला पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. घट्ट असेल तर कानांवर रंगाचा जाड थर किंवा कापणीची बारीक धार आहे. फक्त कानाची ती कड कानशीने दोन-तीन हलक्या हातांत उतरवा, रंग जाईपर्यंत. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड परत येत नाही, तो डिस्कला चाटत राहतो. ग्रीस पिनांवर आणि कान टेकतात तिथे पुसटसं. मसाल्यावर किंवा डिस्कवर बोट लागलं तर क्लीनरने पुसा, आणि मसाल्यात ग्रीस मुरलं असेल तर तो पॅड गेला.

पिनांचे बोल्ट छोटे असतात, त्यांना चाकाच्या नटासारखा जोर देऊ नका. टॉर्क मॅन्युअलमधून घ्या. चाकं बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा, घट्ट होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गेटबाहेर काढताना गाडी भिंतीला जाऊन लागते ती इथेच.

मग पॅड डिस्कशी बसवून घ्यायचे. पहाटे दिंडोरी रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. मध्ये चारशे-पाचशे मीटर गाडी चालू द्यायची. असं दहा-बारा वेळा. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गार होऊ द्या. याने डिस्कवर मसाल्याचा एकसारखा पातळ थर बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा.

एवढं करूनही पेडल स्पंजासारखं दबत असेल, पायाखाली हळूहळू बुडत असेल, लाल दिवा लागत असेल किंवा गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, टो करून जाणत्या मेकॅनिककडे पाठवा. ते होज, मास्टर सिलिंडर किंवा हवेचं काम आहे.

पाचशे किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. एक लांब फेरी झाल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता तळवा धरा. एक बाजू दुसरीपेक्षा ठळक गरम लागली तर त्या बाजूची पिन पुन्हा उघडा. डब्याचं झाकण, बिल आणि मोजलेली डिस्कची जाडी तारीख-किलोमीटरसह एका पाकिटात घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.